कंस काढा

आमच्या घरात मामाला कंसमामा म्हणतात. पुराणातल्या त्या दुष्ट मामाशी त्याचा काही संबंध नाही. हा मामा नोकरीभर हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना देशातर्फे जात राहिला आणि येताना चॉकलेटांऐवजी मसुद्याचे कागद घेऊन येत राहिला. त्या कागदांवर जागोजागी चौकोनी कंस असायचे. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, हे काय आहे? तो म्हणाला, "ज्या शब्दावरून भांडण चालू आहे तो शब्द कंसात बसवायचा. भांडण मिटलं की कंस पुसायचा."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर मामा पुढच्या वर्षी परत जातो."

त्याच दिवशी ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्याला कंसमामा करून टाकलं.

पुढे मामा निवृत्त झाला आणि त्याच्या जागेवर मी गेले. लोकांना वाटतं वशिला असेल. वशिला कसला, दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. परदेश दिसतो म्हणून लोक पहिल्या वर्षी उड्या मारत येतात, आणि आठवडाभर बिनखिडक्यांच्या खोलीत बसून एका वाक्यावर वाद ऐकला की दुसऱ्या वर्षी त्यांच्या घरी नेमकं कोणीतरी आजारी पडतं. मी टिकले. हुशार होते म्हणून नाही, चिवट होते म्हणून. आता तेही राहिलेलं नाही. आता मला फक्त झोप हवी असते.

मामाकडून मला वारशात एक खुर्ची मिळाली आणि एक शब्द मिळाला. तो शब्द म्हणजे 'आजवर'.

वाक्य असं होतं: 'प्रत्येक देशाने उचलायचा भार त्याने [आजवर] सोडलेल्या धुरावरून ठरेल.' कोणालाही कळेल असं साधं वाक्य आहे. हवेत जो धूर साठला आहे तो काही काल सकाळी साठलेला नाही. ज्यांच्या पणजोबांनी कारखाने घातले त्यांच्या धुराचा थर सगळ्यात जाड, आणि आमच्यासारख्यांचा आत्ता कुठे पापुद्रा. 'आजवर' राहिला तर ज्याचा थर जाड त्याने जास्त भार उचलायचा. 'आजवर' गेला तर कालपर्यंतचं सगळं माफ आणि उद्यापासून सगळे सारखे. पंगतीत सगळ्यात आधी बसून पोटभर जेवलेल्याने हात धुताना म्हणावं, चला, आता उरलेलं सगळ्यांनी समान वाटून घेऊ, तसा प्रकार. म्हणून तो शब्द वर्षानुवर्षं कंसात बसून होता. ना आत, ना बाहेर. भिजत घोंगडं.

या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे अडकलो होतो. ठरलेली वेळ उलटून गेली होती आणि सभागृह भाड्याने देणाऱ्यांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं. सुतार आले होते. शेजारच्या खोल्यांच्या लाकडी भिंती स्क्रू काढून आडव्या होत होत्या. बाहेरच्या वाटेवरचा गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला होता. खाण्याच्या टपऱ्या बंद झाल्या होत्या, फक्त एका कोपऱ्यात चहाचं यंत्र चालू होतं आणि कागदी कप संपले होते. लोक पाण्याच्या बाटलीत चहा घेत होते. जगाचं भवितव्य ठरवायला आलेली माणसं.

माझ्या शेजारी गोडबोल्या बसला होता. हे नाव मी ठेवलेलं, त्याला अर्थातच माहीत नाही. तो एका मोठ्या, जुन्या कारखानदार देशाचा प्रतिनिधी. माणूस खरंच चांगला. मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा याने औषध आणून दिलं होतं. पण 'आजवर' आला की याच्या तोंडातून साखर गळायला लागते.

"बाई, एक मनापासून विचारू?" त्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढे सरकवला. "माझे पणजोबा कोळशाच्या खाणीत खपले. धुराने काय होतं हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक तरी होतं का? आणि त्यांनी केलं ते माझ्या मुलीने का निस्तरायचं?"

"पणजोबांचं घर आहे अजून?" मी विचारलं.

"आहे की. आम्ही तिथेच राहतो. दगडी आहे, भक्कम."

"म्हणजे पणजोबांचं घर चालतं, पणजोबांचा धूर तेवढा चालत नाही."

तो हसला. खरोखर हसला, आणि मग डोळे चोळत म्हणाला, "हे तुम्ही दरवर्षी म्हणता."

"तुम्ही दरवर्षी पणजोबा काढता."

आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली. मला त्याचा राग येत नाही, हीच मला माझी काळजी वाटते. पूर्वी यायचा. राग आला की निदान ताठ बसता यायचं.

तेवढ्यात अध्यक्षीणबाई आत आल्या. त्यांचा घसा आठवडाभर बसलेला होता आणि त्या आता खुणांनीच कारभार चालवत होत्या. त्यांनी पडद्यावर नवा मसुदा लावला. त्यात एकही कंस नव्हता. इतक्या वर्षांत मी असा स्वच्छ कागद पाहिला नव्हता, म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग वाचलं. 'प्रत्येक देशाने उचलायचा भार त्याने यापुढे सोडलेल्या धुरावरून ठरेल.'

'आजवर' गेला होता. त्याच्या जागी 'यापुढे' येऊन बसला होता, जसा काही पहिल्यापासून तिथलाच.

"हा मसुदा मान्य झाला," अध्यक्षीणबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तर पुढचा सगळा परिच्छेद आजच मंजूर. किनाऱ्यांचे बांध, पुराची आगाऊ सूचना, सगळं. कामाला लगेच सुरुवात. कोणाला जुना शब्द हवा असेल त्याने आता कंस घालून तो परत आणावा. मग अख्खा परिच्छेद पुढच्या वर्षावर. अर्ध्या तासाने विचारते."

म्हणजे तळ्यात की मळ्यात, एवढंच उरलं होतं. आमच्या बाजूचे लहानसहान देश एकेक करून माझ्याकडे बघायला लागले. शब्द मामाचा, म्हणून खुर्ची माझी, म्हणून हात मीच वर करायचा, असा शिरस्ता पडला होता. मी नाही केला तर कोणीच करणार नव्हतं. सगळे थकले होते. अळीमिळी गुपचिळी.

मी कालचा आणि आजचा असे दोन्ही मसुदे साहेबांना पाठवले. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे सचिव. खाली लिहिलं: 'अर्ध्या तासात सांगायचं आहे. काय करू?' उत्तर लगेच आलं, याचंच मला आश्चर्य वाटलं.

'पाहिलं. कंस काढा.'

मी "बरं" असं टाइप केलं आणि बोट तिथेच थांबलं.

कंस काढा म्हणजे काय करा? आपल्या भाषेत रांगोळी काढतात तेव्हा ती येते आणि चपला काढतात तेव्हा त्या जातात. कालच्या मसुद्यात कंस होता. साहेबांनी कालचा पाहून लिहिलं असेल तर काढा म्हणजे पुसा, शब्दासकट जाऊ दे, गप्प बसा. आजच्या मसुद्यात कंस नव्हताच. आजचा पाहून लिहिलं असेल तर काढा म्हणजे घाला, अडवा, शब्द परत आणा. एकाच निरोपात देशाची दोन धोरणं आणि दोन्ही व्याकरणशुद्ध.

मी बाहेर येऊन फोन लावला. बंद. त्यांच्या कार्यालयात लावला. तिथला मदतनीस म्हणाला, "साहेब विमानात बसले. आत्ताच. जाता जाता तुम्हाला निरोप टाकला ना त्यांनी?"

"टाकला. त्याचा अर्थ काय हो?"

"तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, बाई अनुभवी आहेत, समजून घेतील."

मी ताईला फोन केला. ताईला, कारण मामा तिच्याकडे असतो. तिचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत आहे आणि आता मोठ्या भरतीला पाणी तळमजल्यात येतं. फार नाही, घोटाभर. पण खारं. फरशीचे सांधे फुगले, दारं बसेनाशी झाली. मामाला तिने वरच्या खोलीत हलवलं आहे. गुडघ्यांमुळे त्याला जिना उतरता येत नाही, त्यामुळे तो आता खिडकीतूनच जगाच्या वाटाघाटी करतो.

ताईला मी थोडक्यात सांगितलं. ती फडकं पिळत होती, मला आवाज येत होता.

"म्हणजे तो शब्द सोडलास तर बांधाचं काम सुरू होईल?"

"असं म्हणतात."

"आणि नाही सोडलास तर आणखी एक वर्ष."

"हो."

"एका शब्दापायी?" ताई थांबली. ती चिडली की तिचा आवाज उलट खाली येतो. "अगं, पाणी काय तुझ्या कंसात थांबणार आहे का? मी रोज पुसते. मामाची पुस्तकं वर नेली, गाद्या वर नेल्या, आता मीच वर जायची राहिलेय. तुम्ही दोघांनी मिळून आयुष्यभर तो एक शब्द सांभाळलात. मुलं असती तर त्यांनासुद्धा इतकं सांभाळलं नसतं."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्या घरात खोटं बोलणं हे माझं आणि मामाचं खातं.

"दे त्याला फोन," मी म्हटलं.

जिन्यावर ताईची पावलं वाजली, मग मामाचा खोकला आला. मी निरोप वाचून दाखवला. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं फोन तुटला. मग कळलं, म्हातारा हसतो आहे.

"अजून तोच निरोप पाठवतात?"

"म्हणजे?"

"पोरी, हे आमच्या वेळच्या साहेबांचं वाक्य. खात्याचा वारसा आहे तो. तुला वाटतं चुकून दोन अर्थ होतात? निकाल चांगला लागला की काढाचा जो अर्थ सोयीचा तो त्यांचा. वाईट लागला की दुसरा. खापर फोडायला तुझं डोकं आहेच."

"तू काय करायचास?"

खाली कुठेतरी ताईने बादली सरकवली.

"तुला वाटतं 'आजवर' एवढाच शब्द होता? आधी तिथे पूर्ण ओळ होती. 'कारखान्यांची पहिली धुराडी पेटली तेव्हापासून आजवर.' माझ्या हाताने लिहिलेली. अशाच एका शेवटच्या दिवशी मला निरोप आला, कंस काढा. बाकीचा परिच्छेद लगेच मंजूर होणार होता. तेव्हाही बांधच होते त्यात. मी दमलो होतो. मी पुसलं. धुराडी गेली, तेव्हापासून गेलं, रडूनभेकून शेवटचा एक शब्द तेवढा कंसात ठेवून घेतला."

"आणि बांध?"

"तुझी ताई खाली काय करतेय?"

"पाणी पुसतेय."

"शब्द गेला आणि कामही आलं नाही," मामा म्हणाला. "पण मला त्याचंही एवढं नाही. नंतर इथे विचारणा झाली, ओळ कोणी काढली? साहेब म्हणाले, यांनी. मी म्हटलं, साहेबांचा निरोप होता. ते म्हणाले, माझा अर्थ तो नव्हता. मी म्हटलं, मला तोच लागला. शेवटी कोणीच काढली नाही. आपोआप गेली. ज्या ओळीत कोणी काय केलं हे लिहायचं होतं, ती ओळ कोणी पुसली हेच कुठे लिहिलेलं नाही." त्याला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "तू घाल नाहीतर पूस. ताईचंही बरोबर आहे, मला रोज दिसतं. पण जे करशील ते तू केलंस असं सांग. जगात तेवढं कोणी करत नाही गं."

मी परत आत आले. मधली भिंत सुतारांनी तोवर काढली होती, म्हणजे उतरवली होती, आणि आमची खोली आता एका मोठ्या रिकाम्या मांडवाचा कोपरा झाली होती. गोडबोल्याने माझी खुर्ची धरून ठेवली होती, कारण लोक खुर्च्या उचलून नेत होते.

"आला निरोप?" त्याने विचारलं.

"आला. तुमचा?"

"आमचा दर वेळी एकच असतो. चिकटून राहा, पण सौजन्याने." तो मान मागे टाकून छताकडे बघत म्हणाला, "सोडा ना आता, बाई. घरी जाऊ. माझ्या मुलीचा वाढदिवस चुकला."

खरं सांगायचं तर सोडायची फार इच्छा झाली. ताईचं पिळलेलं फडकं माझ्या कानात होतं. हात वर न करायला काहीच कष्ट नव्हते, नुसतं बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्यात मी आता तरबेज आहे. शिवाय उद्या कोणी विचारलंच तर साहेबांचा निरोप होता. आणि हात वर केला, तरीही साहेबांचा निरोप होता. दोन्हीकडून मी सुरक्षित होते. आयुष्यात इतकी सुरक्षित मी कधी नव्हते, आणि तिथेच मला माझी शिसारी आली.

अध्यक्षीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मी हात वर केला.

"आजवर हा शब्द परत घालावा," मी म्हटलं. "कंसात."

कोणीतरी हातातलं पेन टेबलावर टाकलं. आमच्या बाजूच्या एका बाईंनी डोळे मिटून घेतले. समाधानाने की वैतागाने, कळलं नाही. अध्यक्षीणबाईंनी पडद्याजवळच्या माणसाला खूण केली. 'यापुढे'च्या जागी आधी एक कंस उमटला, मग शब्द, मग दुसरा कंस. परिच्छेद पुढच्या वर्षावर गेला. बांध, पुराची सूचना, सगळं. गोडबोल्याने उरलेला बिस्किटांचा पुडा माझ्या पिशवीत टाकला आणि तो गेला.

विमानतळावर बसले होते तेव्हा साहेबांचा निरोप आला. 'मी कंस काढा म्हटलं होतं. तुम्ही घातल्याचं कळतं. खुलासा करा.'

खुलासा अगदी सोपा होता. 'आज्ञेप्रमाणे काढला आहे' एवढं लिहिलं असतं तर साहेबांना पुढे एक अक्षर बोलता आलं नसतं. मी ते लिहिलंही. मग पुसलं, आणि लिहिलं: 'आपल्या निरोपाचे दोन अर्थ होत होते. त्यातला हा मी निवडला. निर्णय माझा, जबाबदारी माझी.' त्या आठवड्यात जबाबदारी हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही, पण त्याच्यापुढे 'माझी' लावलेलं तेवढ्यात पहिल्यांदाच पाहिलं. पाठवल्यावर गोडबोल्याचा पुडा काढून उरलेली बिस्किटं संपवली. शौर्य वगैरे काही नाही, भूक लागली होती.

घरी गेले ती ताईकडेच गेले. तिने दार अर्धंच उघडलं, कारण आता ते तेवढंच उघडतं. तिने नुसता पंचा दिला पाय पुसायला. ती माफ करेल, पण आज नाही, हे मला समजलं.

वर मामा खिडकीशी बसला होता.

"काय म्हणतंय खातं?"

"मला वाटाघाटींतून काढलं."

मामाने भुवया वर केल्या. "काढलं म्हणजे? घातलं की पुसलं?"

"पुसलं, मामा. या वेळी कोणाला अर्थ विचारावा लागला नाही."

तो हसला नाही. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्याच्या बोटांना अजून शाईची सवय आहे, अंगठा सारखा तर्जनीवर घासतो. मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"आणि शब्द?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. कंसात आहे, पण आहे."

खालून ताईचा आवाज आला. ती ओरडत नव्हती, रोजचं सांगावं तसं सांगत होती.

"पाणीपण आहे. चपला वर घ्या."